विषय बदलण्याची मुदत आणि उत्तर देण्याची मुदत

दरवर्षी जानेवारीत, बारावीची लेखी परीक्षा काही आठवड्यांवर येऊन ठेपलेली असताना, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ प्रवेशपत्रांसंबंधी एक प्रकटन प्रसिद्ध करते. छायाचित्र सदोष असल्यास काय करावे, प्रवेशपत्र गहाळ झाल्यास दुसरी प्रत कशी द्यावी, अशा सूचनांच्या गर्दीत त्यात वर्षानुवर्षे एक वाक्य येत आले आहे: विषयाचा किंवा माध्यमाचा बदल असेल, तर ती दुरुस्ती कनिष्ठ महाविद्यालयाने विभागीय मंडळाकडून करून घ्यावयाची आहे. पूर्वी यासाठी महाविद्यालयाच्या लिपिकास कागद घेऊन विभागीय कार्यालयात खेपा घालाव्या लागत. अलीकडे बरेचसे काम संगणकावर होते. मात्र त्या वाक्याचा आशय बदललेला नाही. ज्या मंडळाची कार्यालये एरवी ‘मुदत संपली’ या दोन शब्दांवर अर्जदाराची बोळवण करतात, तेच मंडळ विद्यार्थ्याच्या नावापुढील विषय परीक्षेच्या तोंडावरही चुकीचा असू शकतो आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्यापाशी आहे, असे स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी सांगते. विषयबदलावरून उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाणारे बहुतेक तंटे या एका वाक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे जन्माला येतात; आणि त्या तंट्यांत न्याय कोणाच्या बाजूने आहे हे ठरविण्यापूर्वी, ही दुरुस्ती कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि नकार कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत देतो, हे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते.

वाशीम जिल्ह्याच्या जागेवरून हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो, तितका पुण्या-मुंबईच्या जागेवरून दिसत नाही. वऱ्हाडातला हा मुलूख एकदा जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडून अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके घेऊन पुन्हा जिल्हा म्हणून उभा राहिला. जिल्हा झाला, जिल्हाधिकारी आला, जिल्हा परिषदेत माध्यमिक विभागाचा शिक्षणाधिकारी बसला. परंतु परीक्षेपुरते वाशीमचे दफ्तर अमरावतीच्या विभागीय मंडळात राहिले आणि रिट अर्जाची दाद नागपूरच्या खंडपीठाकडे. यात गैर काही नाही, प्रत्येक जिल्ह्यास स्वतंत्र मंडळ आणि स्वतंत्र खंडपीठ देता येत नाही हे उघड आहे. तरीसुद्धा मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरील मुलीच्या बापाला प्राचार्यांकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून अमरावतीस आणि अमरावतीहून नागपूरला वकील गाठण्यासाठी जावे लागते, तेव्हा प्रत्येक मुक्कामावर त्याचे दोन-चार दिवस खर्ची पडतात; आणि ज्या वादात सगळा प्रश्न दिवसांचाच असतो, तेथे अंतर हे स्वतःच एक प्रतिवादी होऊन बसते. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेल्यापासून नागपूर पूर्वीपेक्षा जवळ आले हे खरे. परंतु मोटार ज्याच्या दारी आहे त्याच्यापुरते.

मंडळाची बाजू दुबळी आहे, असे समजण्याचे काही कारण नाही; उलट ती प्रथम आणि पुरतेपणी मांडली पाहिजे, कारण विद्यार्थ्याविषयीच्या कळवळ्यापोटी तिची टिंगल करणे आपल्याकडे फार सोपे झाले आहे. १९६५ च्या अधिनियमाने निर्माण झालेल्या या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेस आज सुमारे पंधरा लक्ष विद्यार्थी नोंदले जातात. प्रत्येकाच्या विषयांवरून प्रश्नपत्रिकांची छपाई ठरते, केंद्रांवरील बैठकव्यवस्था ठरते, प्रात्यक्षिकांचे बहिःस्थ परीक्षक ठरतात, परीक्षक व नियामक यांच्या नेमणुका ठरतात. एका विद्यार्थ्याने जीवशास्त्राऐवजी गणित मागणे ही क्षुल्लक बाब वाटते. तीच मागणी दहा हजारांनी डिसेंबरात केली, तर फेब्रुवारीत परीक्षा होणार नाही. शिवाय ज्या विद्यार्थ्याने जूनपासून आपला विषय मनाविरुद्ध का होईना पण चालू ठेवला, त्याच्याशी तुलना करता, ऐन वेळी सोयीचा विषय मागणाऱ्यास सवलत देणे म्हणजे नियम पाळणाऱ्यावर अन्याय करणे होय, हाही मुद्दा खोटा नाही. याच मंडळाविरुद्धच्या एका गाजलेल्या प्रकरणात, म्हणजे उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीसंबंधीच्या परितोष भूपेशकुमार सेठ प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाच्या १९७७ च्या विनियमातील बंदी रद्द ठरविली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निर्णय फिरविला आणि शैक्षणिक धोरण कोणते शहाणपणाचे हे ठरविण्याचे काम त्या क्षेत्रातील जाणत्यांचे आहे, न्यायाधीशांनी आपली पसंती त्यांच्यावर लादू नये, असा दंडक घालून दिला. तेव्हापासून विद्यार्थ्याच्या प्रत्येक याचिकेला मंडळाचे वकील प्रथम या निवाड्याची ढाल पुढे करतात, आणि ती ढाल चांगली भक्कम आहे.

मात्र ही ढाल कोणत्या वारापुढे धरावयाची, याचे भान सुटले की घोटाळा होतो. विषय बदलून मागणारे सगळे विद्यार्थी एका जातीचे नसतात. एकाचा विषय नोंदवितानाच चुकलेला असतो. दुसऱ्याचे मन किंवा परिस्थिती बदललेली असते. पहिल्याला दुरुस्ती हवी असते, दुसऱ्याला बदल. मंडळाच्या खिडकीवर मात्र दोघांचे अर्ज एकाच गठ्ठ्यात पडतात आणि दोघांनाही एकच उत्तर मिळते.

पहिल्या प्रकाराकडे थोडे जवळून पाहावे. बारावीचे आवेदनपत्र विद्यार्थी स्वतः भरत नाही. ते कनिष्ठ महाविद्यालय भरते. शुल्काच्या पायऱ्या आहेत: नियमित शुल्क, त्यानंतर विलंब शुल्क, त्याहूनही उशीर झाल्यास अतिविलंब शुल्क. आवेदनपत्रे भरून झाल्यावर ‘प्री-लिस्ट’ नावाची यादी निघते, तीत प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, माध्यम व विषयांचे सांकेतिक क्रमांक असतात, आणि ती तपासून विद्यार्थ्याने व प्राचार्यांनी सही करावयाची असते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. प्रत्यक्षात काय होते, हे ज्याने एखाद्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय आतून पाहिले आहे त्याला सांगावयास नको: सोयाबीन काढणीचे दिवस, वर्गात निम्मी हजेरी, लिपिक एक आणि विद्यार्थी चारशे, ‘चला, लवकर सह्या करा, आज यादी पाठवायची आहे’ असा तगादा, आणि सांकेतिक क्रमांकांच्या त्या रकान्यात आपल्या विषयाचा आकडा कोणता हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलास ठाऊक नसताना त्याने केलेली सही. पुढे हीच सही त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा म्हणून न्यायालयात रुजू होते. महाविद्यालय म्हणते, विद्यार्थ्याने सही केली. मंडळ म्हणते, महाविद्यालयाने पाठविले तेच आम्ही छापले. आणि वर्षभर ज्या विषयाच्या तासाला तो बसला, ज्याच्या प्रथम सत्राच्या परीक्षेत त्याला गुण मिळाले, ज्याची प्रयोगवही त्याच महाविद्यालयातील शिक्षकांनी तपासून लाल शाईने सही करून दिली, तो विषय त्याच्या प्रवेशपत्रावर नसतो.

अशा प्रसंगी शैक्षणिक धोरणाचा प्रश्न येतोच कोठे? परितोष सेठ निवाड्यात तज्ज्ञांच्या ज्या अधिकाराचा आदर सांगितला आहे, तो अभ्यासक्रम व परीक्षापद्धती ठरविण्याचा अधिकार होय; लिपिकाने चुकीचा क्रमांक टाकला की बरोबर, हे पाहण्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज नसते, हजेरीपट पुरेसा असतो. या बाबतीत १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने कुरुक्षेत्र विद्यापीठाविरुद्ध श्रीकृष्ण नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात जे सांगितले, ते अधिक लागू पडते. हा विद्यार्थी नोकरी सांभाळून विधिमहाविद्यालयाच्या वर्गांना जात असे. त्याची उपस्थिती अपुरी असल्याचे विद्यापीठाच्या ध्यानात उशिरा आले, आणि परीक्षेस बसू दिल्यानंतर त्याची उमेदवारी रद्द करण्यात आली. न्यायालयाने म्हटले ते असे की, अर्ज तपासण्याचे काम विद्यापीठाचे होते. तपासता येत असूनही त्याने तपासला नाही, तर आपल्या निष्काळजीपणाचे खापर त्याला नंतर विद्यार्थ्याच्या माथी फोडता येणार नाही. ज्याच्या हाती तपासणीचे साधन आहे, त्याच्याच माथी न तपासण्याचा दोष, हे तत्त्व आपल्या गावगाड्यातही अपरिचित नव्हते. पटवाऱ्याने सातबाऱ्यावर चुकीचे नाव चढविले, तर शेत दुसऱ्याचे होत नाही.

अर्थात या तत्त्वालाही काठ आहेत आणि ते विसरून चालणार नाही. मान्यता नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू द्यावे, अशी विनंती आंध्र प्रदेशातील एका वैद्यकीय शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात १९८६ मध्ये झाली, तेव्हा कायद्याने जे निषिद्ध केले ते करण्याचा हुकूम विद्यापीठाला देणे न्यायालयाच्याही अधिकारात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. तेव्हा महाविद्यालयास जो विषय शिकविण्याची मंजुरीच नाही, तो विषय त्याने फीच्या लोभाने शिकविला असेल, तर विद्यार्थ्याची कीव कितीही आली तरी प्रवेशपत्रावर तो विषय न्यायालय लिहून देऊ शकत नाही. तेथे विद्यार्थ्याची खरी तक्रार महाविद्यालयाविरुद्ध, आणि ती नुकसानभरपाईची. आपल्याकडे मात्र असे क्वचितच होते. बाप मंडळाशी भांडतो. संस्थेशी भांडत नाही, कारण धाकटा भाऊ त्याच संस्थेच्या आठवीत असतो.

आता दुसरा प्रकार, म्हणजे ज्याला खरोखरच बदल हवा आहे तो विद्यार्थी. याच्याविषयी एक कडक मत असे आहे की, निवड त्याने केली, परिणाम त्यानेच भोगावे, आयुष्यात निवडीची किंमत मोजावयास शिकणे हेही शिक्षणच होय. हे मत मांडणारे बहुधा ज्यांच्या निवडी त्यांच्या वडिलांनी केल्या आणि सुदैवाने त्या बरोबर ठरल्या, असे गृहस्थ असतात. अकरावीत विषय कोण निवडतो? वाशीमसारख्या जिल्ह्यात तो बहुतांशी विद्यार्थी निवडत नाही. जेथे अनुदानित तुकडी आहे आणि संचमान्यतेत ज्या विषयाचे पद मंजूर आहे, तोच विषय गावात उपलब्ध असतो. भूगोलाचा शिक्षक सेवानिवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, तर पुढील वर्षी भूगोल ‘निवडणारे’ विद्यार्थी आपोआप नाहीसे होतात. शास्त्रशाखेत गणित आणि जीवशास्त्र ही दोन्ही ओझी सोबत वाहावीत, असा सल्ला मिळतो, कारण राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा एक गट आणि जीवशास्त्राचा दुसरा. दोन्ही दारे उघडी राहिलेली बरी, असे अकोल्याचे शिकवणीवर्गवाले सांगतात आणि घरचे ऐकतात. मग बारावीच्या ऑगस्टात, गणित झेपत नाही हे मुलाला आणि केवळ मुलालाच कळलेले असते. तो ‘मॅथ सोडायचे’ म्हणतो, आणि तोवर विषय बदलण्याची मुदत टळून गेलेली असते.

राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशीमात. ज्या गावी विद्येने आपला जोडीदार स्वेच्छेने वरिला, त्याच गावच्या मुलाला आज कोणता विषय कोणत्या विषयासोबत नांदू शकतो हे सांकेतिक क्रमांकांच्या तक्त्यावरून कळते, हा विनोद इतिहासाने केलेला आहे, माझा नव्हे.

आपल्या परीक्षापद्धतीतील एक विसंगती येथे डोळ्यांत भरते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दहावीच्या परीक्षेत जो विद्यार्थी एक किंवा दोन विषयांत नापास होतो, त्याला ‘एटीकेटी’ देऊन अकरावीत बसविले जाते. नापास झालेल्यांसाठी जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा आहे. ज्याला मिळालेले गुण कमी वाटतात, त्याला श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा बसता येते. इतकेच नव्हे, तर बारावी उत्तीर्ण झालेल्यास एखादा वेगळा विषय घेऊन बसावयाचे असेल, तर त्याच मंडळाच्या प्रकटनात ‘तुरळक विषय’ या नावाने त्याचीही सोय आहे. म्हणजे जो अपयशी झाला त्याच्याविषयी ही व्यवस्था विलक्षण दयाळू आहे. जो अपयश येणार हे वेळीच ओळखून आधी सांगतो, त्याच्याविषयी मात्र ती कठोर. ज्या मुलाने ऑगस्टात प्रामाणिकपणे सांगितले की हा विषय मला जमणार नाही, त्याला मंडळ जणू असे सुचविते की, तू फेब्रुवारीत बैस, नापास हो, आणि मग आमच्याकडे ये. आमच्यापाशी तुझ्यासाठी चार योजना आहेत.

मंडळाच्या बाजूने यावर एक उत्तर आहे आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. ‘तुरळक विषया’ची वाट खुली असल्यामुळेच मुदतीनंतरच्या नकाराने विद्यार्थ्याचे कायमचे नुकसान होत नाही, असे ते म्हणू शकते. पूर्वी या उत्तरात अर्धेच तथ्य होते. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे जीवशास्त्र नियमित विषय म्हणून शिकलेले असावे, असा आग्रह होता, आणि नंतर जोडलेल्या विषयाचा तेथे उपयोग होत नसे. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर सूचना काढून ही अट सैल केली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेलाही आता ‘नीट’ देऊ शकतो. तेव्हा वर्ष जाते, आयुष्य जात नाही, हे मंडळाचे म्हणणे आज पूर्वीपेक्षा खरे आहे. परंतु वर्ष जाणे ही गोष्ट पुण्यातील प्राध्यापकाच्या घरात आणि मालेगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात एकाच वजनाची नसते, आणि मुलीच्या बाबतीत तर एका वर्षाची पोकळी कित्येकदा लग्नाच्या बोलणीनेच भरून निघते.

शिवाय आयोगाच्या त्या सूचनेने मंडळाच्या कठोरपणाखालची एक समजूतही ढिली केली आहे: विषयांचा गट म्हणजे एकदा बांधली की न सुटणारी गाठ, ही ती समजूत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामधील भिंती पाडण्याची भाषा केली. वैद्यकासारख्या काटेकोर क्षेत्रानेही नंतर जोडलेला विषय मान्य केला. धोरण एका दिशेने आणि विभागीय कार्यालयाचा शिरस्ता दुसऱ्या दिशेने चालला आहे, आणि मधल्या फटीत विद्यार्थी वकील शोधत आहे.

बदल मागणाऱ्याला सरसकट हो म्हणावे, असे मी म्हणत नाही. कसोटी एकच असावी: मागितलेल्या विषयाचा अभ्यास त्याने खरोखर केला आहे काय, आणि परीक्षेपूर्वी त्याला तो पुरा करता येईल काय. ज्याला शास्त्रशाखेतील विषय हवा, त्याच्या प्रात्यक्षिकांचे काय? जीवशास्त्राची प्रयोगवही नोव्हेंबरात सुरू करून जानेवारीत पुरी होत नाही, झाली तर ती दुसऱ्याची उतरविलेली असते, आणि असल्या उतरविलेल्या वह्यांना सह्या देण्याची जी सवय आपल्या महाविद्यालयांना जडली आहे, तिला उत्तेजन देऊन विद्यार्थ्याचे हित साधणार नाही. उलट एक भाषा सोडून दुसरी भाषा, किंवा कलाशाखेत एका ऐच्छिक विषयाऐवजी दुसरा, आणि तोही ऑगस्टात, असा अर्ज असेल तर तो नाकारण्यास प्रशासकीय कारणापलीकडे कारण नसते. आणि प्रशासकीय कारण प्रश्नपत्रिकांची मागणी छापखान्याकडे जाईपर्यंत लंगडे असते. म्हणजे एकच तारीख सर्व विषयांना लावणे हेच मुळात चूक आहे.

आता प्रकरण नागपूरला जाते तेव्हा काय होते ते पाहू. अर्जदार बहुधा अज्ञान असतो, म्हणून अज्ञान पालनकर्ता म्हणून बाप याचिका दाखल करतो; संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली मंडळ, शिक्षणाधिकारी व महाविद्यालय यांना प्रतिवादी केले जाते; आणि परीक्षा आठ-दहा दिवसांवर आलेली असते. प्रतिवाद्यांना कैफियत दाखल करण्यास वेळ हवा असतो, विद्यार्थ्यापाशी वेळ नसतो. मग न्यायालयासमोर दोनच मार्ग उरतात: याचिका फेटाळावी, किंवा अंतिम निर्णयाच्या अधीन राहून विद्यार्थ्यास मागितलेल्या विषयाच्या परीक्षेस बसू द्यावे आणि निकाल राखून ठेवण्यास सांगावे. दुसरा मार्ग दयेचा दिसतो. त्यातील धोका सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानक देव विद्यापीठाच्या प्रकरणात १९९३ मध्ये अतिशय तीव्र शब्दांत दाखवून दिला: ढिसाळ सहानुभूतीला अंतरिम न्यायाचा पोशाख घालू नये. पुढे १९९८ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या निखिल गुलाटी प्रकरणात, अपात्र असूनही आदेशाच्या बळावर परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या मुलांचे यश न्यायालयाने काढून घेतले नाही. मात्र हा दाखला समजू नये, असेही बजावले. हे दोन्ही निवाडे एकत्र वाचले, तर न्यायसंस्थेची अडचण उघडी पडते. दया केली तर कायदा वाकतो, आणि कायदा धरला तर वर्ष मोडते. आणि मूळ प्रश्न, म्हणजे चूक कोणाची होती, तो कोणीच ऐकलेला नसतो. परीक्षा होऊन गेल्यावर याचिकेत अर्थ उरत नाही, ती निकालात निघते, आणि पुढच्या जानेवारीत तोच प्रश्न नव्या नावाने उभा राहतो.

वाशीमला न्यायालयीन चिकाटी नवी नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा दिगंबर-श्वेतांबर वाद १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि ते २०२३ मध्ये उघडले. देव बेचाळीस वर्षे कुलूपबंद राहू शकतो. बारावीचा विद्यार्थी बेचाळीस दिवसही थांबू शकत नाही. म्हणूनच या वादाचे खरे ठिकाण न्यायालय नव्हे. तो मंडळाच्याच दाराशी, परीक्षेच्या बऱ्याच आधी, मिटला पाहिजे.

आणि तो तेथे मिटत नाही याचे कारण, माझ्या मते, नियमांचा कडकपणा नसून उत्तरांचा अभाव आहे. अर्ज जातो, उत्तर येत नाही, किंवा ‘नियमात बसत नाही’ अशा तोंडी शब्दांत येते, लेखी आलेच तर एका ओळीचे. कोणता विनियम, त्याचे कोणते कलम, आणि अर्जदाराचे प्रकरण त्यात का बसत नाही, यांतले काहीच त्यात नसते. मग विद्यार्थी न्यायालयात जातो आणि तेथे मंडळाच्या प्रतिज्ञालेखात पाच कारणे प्रथमच वाचावयास मिळतात. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगून ठेवले आहे की, सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच तोलला जाईल, मागाहून प्रतिज्ञालेखाने नवी कारणे चिकटवून त्याला उभे करता येणार नाही. ते प्रकरण निवडणुकीचे होते, पण तत्त्व सर्वच दफ्तरांना लागू आहे. कारण लिहिण्याची सक्ती ही केवळ अर्जदाराच्या समाधानासाठी नसते. कारण लिहावयास बसलेल्या अधिकाऱ्याला हजेरीपट मागवावा लागतो, प्रयोगवही पाहावी लागते. आणि हे पाहिल्यावर निम्म्या प्रकरणांत तो स्वतःच वेगळ्या निर्णयास येईल.

यावर असे म्हटले जाईल की, पंधरा लक्ष विद्यार्थ्यांच्या मंडळाने प्रत्येक अर्जाला सकारण उत्तर देत बसावे काय? परंतु अर्ज पंधरा लक्षांचे नसतात. ज्यांचे असतात त्यांची संख्या विभागवार हाताळण्याजोगी असते, एरवी प्रवेशपत्रावरील दुरुस्त्या शेवटच्या पंधरवड्यात करून देण्याची हिंमत मंडळाने केली नसती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सवलतीचे दार उघडले की तेथे प्रथम पोचतो तो शहरातील वकिलाचा मुलगा, तांड्यावरची मुलगी नव्हे. हे खरे आहे, आणि म्हणूनच सवलत न्यायालयाच्या हातात राहण्यापेक्षा तालुक्याच्या जवळ यावी, असे मी म्हणतो. आज जी सवलत नागपूरला वकीलपत्र देऊन मिळते, ती वाशीमला, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, वकिलाविना मिळाली, तर लाभ कोणाचा होईल हे सांगावयास नको.

दुरुस्तीच्या प्रकरणांत, म्हणजे हजेरीपट आणि प्रयोगवही विद्यार्थ्याच्या बाजूने बोलत असतील तेथे, शुल्काचा आणि दंडाचा भार महाविद्यालयावर पडला पाहिजे. आज दुरुस्तीचे शुल्क बहुधा त्याच विद्यार्थ्याकडून वसूल होते, ज्याची त्या चुकीत काही कसूर नव्हती. प्री-लिस्टवर सांकेतिक क्रमांकाशेजारी विषयाचे नाव ठळक मराठीत छापावे आणि ती एक दिवस विद्यार्थ्याच्या घरी जाऊ द्यावी. सही दुसऱ्या दिवशी घ्यावी. प्रात्यक्षिक नसलेल्या विषयांसाठी बदलाची मुदत लांबवावी, प्रात्यक्षिकांच्या विषयांसाठी ती लवकरची ठेवावी, आणि दोन्ही तारखा जूनमध्ये महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागाव्यात. ज्या अर्जाला नकार द्यावयाचा, त्याला पंधरा दिवसांच्या आत लेखी, सकारण नकार मिळावा, आणि त्या कागदाच्या तळाशी विभागीय अध्यक्षांकडे अपील किती तारखेपर्यंत करावयाचे व अध्यक्षांनी त्याचा निकाल किती तारखेपर्यंत द्यावयाचा, हे दोन्ही छापलेले असावे. विद्यार्थ्याला मुदती नेमून देणाऱ्या मंडळाने स्वतःला नेमून घ्यावयाची ही एवढीच मुदत आहे, आणि तिच्यासाठी १९६५ च्या अधिनियमात एक शब्दही बदलावा लागणार नाही. मंडळाच्या सचिवांचे एक परिपत्रक पुरेल.